कुंताबाईंची दहा दारं

सकाळचे सव्वासात वाजले होते. गॅसवर एका बाजूला कुकर आणि दुसऱ्या बाजूला पोह्यांची कढई होती. माझे यजमान अच्युत शाळेत न्यायचे तपासलेले पेपर वर्तमानपत्रात गुंडाळत होते, आणि ते वर्तमानपत्र आजचंच होतं म्हणून मी स्वयंपाकघरातून त्यांच्यावर ओरडत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमच्या दाराला बेल आहे, पण कुंताबाई ती कधी वाजवत नाहीत. बेलनं घरातलं माणूस दचकते म्हणे. त्यांची थाप दोनदाच पडते आणि लगेच हाक येते, "वो वहिनी, वांगे!" आज थापा थांबतच नव्हत्या आणि हाक काही येत नव्हती. शिवाय बुधवार होता. आमच्या सिंदी मेघे वस्तीत भाजी विकायला यायचे कुंताबाईंचे दिवस मंगळवार आणि शनिवार.

दार उघडलं तर डोक्यावर टोपली नाही. हातात मऊ सुती दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि मागे कानाला ओढणी बांधलेली त्यांची सून आचल. रडून डोळे सुजलेले.

"आत या ना."

"बसाले नाई आलो, वहिनी. कुकर बंद करा आन माह्या संगं मोठ्या दवाखान्यात चला."

"बाळ आजारी आहे?"

"चांगलं ठणठणीत हाय. दूध पेते, झोपते, मुततेबी. पण तिचं एक दार नाई."

आचल मागून हळूच म्हणाली, "काकू, आई उगाच करून राहिल्या. शी होते रोज. उद्या बारसं आहे आमच्याकडं, पाहुणे येऊन राहिले."

"तू चूप बस," कुंताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला मात्र त्यांचे हात दिसले. पंधरा किलोची टोपली एका झटक्यात उतरवणारे ते हात त्या इवल्याशा दुपट्याची एकच कडा पुन्हा पुन्हा खोचत होते. मी कुकर बंद केला.

कुंताबाईंना मी अकरा वर्षं ओळखते. त्या अल्लीपूरच्या. नवरा दौलतराव आणि त्या मिळून तीन एकरांत भाजीपाला काढतात. वांगी, पालक, चवळीच्या शेंगा आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची माणसं जिला कोथिंबीर म्हणतात ती. पहाटेच्या एसटीनं येतात आणि दुपारच्या एसटीनं परततात. शाळा चौथीपर्यंत. माहेर आर्वीकडचं. ही झाली सगळ्या कॉलनीला असलेली माहिती. अल्लीपुरात त्यांची ओळख वेगळी आहे. कोणाची गाय अडली, शेळीला दुसरं पिल्लू येईना, की माणूस आधी कुंताबाईंच्या दारात उभा राहतो आणि मग जनावरांच्या डॉक्टरला फोन लावतो. डॉक्टर येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. ही विद्या त्यांना सासूनं, कौशल्याबाईंनी दिली.

मला त्या विद्येचा पत्ता लागला तो एका कोंबडीच्या पिल्लामुळे. एका शनिवारी टोपलीत वांग्यांशेजारी बुटांचं खोकं होतं आणि त्यात दोन पिल्लं. गल्लीत पुढं कोणीतरी मागितली होती. एक पिल्लू मान टाकून बसलेलं. कुंताबाईंनी ते उलटं करून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वहिनी, वाटीभर पाणी द्या. कोमट. अन् कापसाचा बोळा."

शेपटाखाली वाळलेली घाण चिकटून बसली होती. बोळा भिजवून त्या धीरानं ती सोडवत राहिल्या. ओढलं एकदाही नाही.

"कोंबडीले खाली एकच दार. अंडं तेथूनच, घाण तेथूनच. ते बुजलं का पिल्लू दोन दिसांत जाते. लोक म्हणते, हवा लागली."

मी बी.एस्सी. झालेय, प्राणिशास्त्र घेऊन. मी म्हटलं, "त्याला अवस्कर म्हणतात, कुंताबाई. परीक्षेत आकृती काढायचो आम्ही."

"नाव चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण पाणी कोमटच पायजे."

दहा मिनिटांनी पिल्लू खोक्यात उभं होतं. त्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी मला मोजणी सांगितली. त्यांच्या घरात जीव जन्मला, माणसाचा असो की ढोराचा, की कौशल्याबाई जवसाच्या तेलात करंगळी बुडवायच्या आणि त्याची दारं मोजायच्या. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, एक तोंड. झाली सात. मग खालची.

"म्हणजे नऊ," मी शहाणपणानं म्हटलं. "भजनात असतं ना, नऊ दारांचं शरीर."

कुंताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "भजन माणसाईनं रचलं, वहिनी. त्याईनं सोताचेच मोजले. बायकाईले दहा."

पदवी माझ्याकडं होती आणि मोजणी त्यांची बरोबर होती.

"आणि बेंबी?" मी विचारलं.

"ते आईच्या घरचं दार. देव सोता बंद करते. त्याले काही लावाचं नाई, ना हयद, ना शेण, ना राख. माह्या सासूचं आन माह्यं तेच एक भांडण. ते राख लावे. मी रातच्याले पुसून काढो."

असं सगळं नीट माहीत असलेली बाई त्या बुधवारी ऑटोत माझ्याशेजारी बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी मोजलं नाई, वहिनी. मी मोजल्यासारखं केलं."

झालं होतं ते असं. आचलला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. दवाखान्यात बाळ कुंताबाईंच्या हाती आलं ते लंगोट बांधलेलं, कापडात घट्ट गुंडाळलेलं. वरची सात दारं त्यांनी तिथल्या तिथं मोजली. मुलगी आहे आणि लघवी झाली आहे, असं सिस्टरनं सांगितलं, तिथं नऊ धरली. दुसऱ्या दिवशी लंगोट काळा झाला. कौशल्याबाईंचा नियम असा की शेवटचं दार बघायचं नसतं. पहिली काळी शी पडली की ते आहे असं धरायचं. ढोराचं शेण पडलं की दावं बांधायला मोकळे, तसं. कुंताबाईंनी मनातल्या मनात "दहा" म्हटलं आणि दौलतरावांना पेढे आणायला पिटाळलं.

बेंबीची नाळ पडेपर्यंत बाळाला आंघोळ नको, ओल्या फडक्यानं पुसा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. लंगोट आचलच बदलायची, पांघरुणाच्या आत, घाईघाईनं, थंडी वाजेल म्हणून. नाळ नवव्या दिवशी पडली. दहाव्या दिवशी, मंगळवारी, टोपली घरी ठेवून कुंताबाई न्हाणीत पाटावर बसल्या, पाय लांब केले, नातीला नडग्यांवर पालथं घातलं आणि मानेपासून तेल सोडलं.

"तेलाची धार पाठीवरून उतरली, वहिनी. खाली जाऊन थांबाले पायजे तेथं नुसता खळगा. बोट लावून पाह्यलं तं कातडंच. मंग उताणं केलं आन वाट पाह्यली. शी समोरून आली. समोरच्या जागेतून."

ऑटोवाल्यानं आरशातून मागं पाहिलं. कुंताबाईंनी त्याला समोर बघायला सांगितलं.

"आन मले चंद्री दिसली," त्या म्हणाल्या.

चंद्री ही त्यांची कालवड. वीस-बावीस वर्षांपूर्वीची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिलाही मागचं दार नव्हतं. शेण लघवीच्या वाटेनं पडायचं. कुंताबाईंच्या ध्यानात आलं, त्या डॉक्टरला बोलवा म्हणाल्या. शेजारचे बापूराव म्हणाले, शेण पडून राह्यलं ना, मग काऊन देवाच्या कामात हात घालता? घरच्यांनाही ते पटलं. चंद्री दुधावर होती तोवर चांगली उड्या मारत होती. कडबा खायला लागली आणि तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगत गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गेली.

"त्या येळी मी लोकाईचं ऐकलं. ही दुधावर हाय तोवर बरी दिसन. पण वरणभात खाले लागली म्हणजे?"

घरी त्यांनी मंगळवारीच सांगून पाहिलं होतं. गावातल्या एका ओळखीच्या नर्सला फोन केला तर ती म्हणाली, शी होते ना, मग आहे दार, तुम्हाले दिसलं नसन. दौलतराव तर भडकलेच. "रोज लंगोट भरते पोट्टीचा. चांगल्या लेकराले काऊन चिराले नेतं? मोठेपणी कोण करन तिच्याशी लगन?" मुलगा साहिल आईच्या बाजूनं होता, पण बापासमोर त्याचं तोंड उघडत नव्हतं. शेवटी कुंताबाई पहाटे लस टोचायला नेते म्हणून सांगून निघाल्या. आचलला सोबत घेतलं कारण बाळाला दूध लागणार.

"आणि मी कशाला?" मी विचारलं.

"मले त्याईच्या भाषेत बोलता नाई येत. मी दार म्हणन, ते हसन. तुम्ही तो चांगला शब्द सांगा."

तो शब्द कामाला आलाच नाही. केसपेपर काढून, तीन खिडक्या फिरून आम्ही ज्या तरुण डॉक्टरपुढं पोचलो, तिच्या कोटावर वेदश्री असं नाव होतं. तिनं आईला विचारलं, "बाळाला काय त्रास आहे?"

आचल खाली मान घालून म्हणाली, "काही नाही."

"शी होते, पण जागेवरून नाई," कुंताबाई म्हणाल्या.

"रोज होते ना, आजी?"

"हाव, रोज."

डॉक्टरचं पेन कागदावर टेकलंही होतं. बाहेर साठ-सत्तर माणसं रांगेत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंताबाई सरळ फरशीवर बसल्या. पाय लांब केले, पदर नडग्यांवर अंथरला, नातीला त्यावर पालथं घातलं आणि लंगोट सोडला.

"डॉक्टरीन बाई, तुम्ही खाली या. हे टेबलावरून नाई दिसत. असं दिसते."

मला वाटलं, आता ही मुलगी चिडणार. ती उठली, हातमोजे चढवले आणि गुडघ्यांवर बसली. बोटानं त्या खळग्याला स्पर्श केला. मग बाळाला उताणं करून बराच वेळ बघत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"थांबा हं आजी. सरांना बोलावते."

सर म्हणजे लहान मुलांचे सर्जन, डॉक्टर देवेंद्र. त्यांनी पाहिलं आणि केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं. आतडं खाली येतं, मागं जायच्या ऐवजी पुढं वळतं आणि पुढच्याच जागेत उघडतं. "वाट आहे, आजी. बंद नाही, म्हणून बाळ आज ठीक आहे. वाट चुकीच्या ठिकाणी उघडली आहे, एवढंच. ती सोडवून मागं नेऊन बसवायची."

कुंताबाईंनी चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं. "म्हणजे दाराची चौकट काढून दुसऱ्या भितीत लावाची."

"अगदी तसंच."

"कवळी भित हाय. खचणार नाई?"

डॉक्टर हसले. "म्हणूनच घाई नाही. चार महिन्यांची होऊ दे, वजन वाढू दे. तोवर पोट फुगतं का, शी अडते का, यावर लक्ष ठेवायचं. हृदय, मूत्रपिंड, पाठीचा मणका एकदा तपासून घेऊ. कधी कधी ही गोष्ट एकटी येत नाही." मग म्हणाले, "रोज शी होते म्हणून मुलींमध्ये हे महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही हे शिकलात कुठं?"

"ढोराईत," कुंताबाई म्हणाल्या.

मघापासून भिंतीकडं बघत असलेली आचल आता बोलली. "सर, ती मोठी झाल्यावर... पाळी, लेकरंबाळं..."

"ते सगळं जागेवर आहे तिचं. शी धरून ठेवायला शिकायला वेळ लागेल, बद्धकोष्ठ सांभाळावं लागेल. शाळेत जाईल, पळेल, भांडेल. फक्त मधेच सोडायचं नाही."

आचलनं कानाची ओढणी सोडली आणि तिनंच तोंड पुसलं.

बारसं दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झालं. पुढं ढकलू या, असं साहिल म्हणाला होता. कुंताबाई म्हणाल्या, "एक दार चुकलं म्हणून नाव काऊन अडवाचं?" पाळण्यात नाव मोठं ठेवलं, हाक मात्र सगळे पिंकी अशीच मारतात. पाहुणे जेवून गेल्यावर त्यांनी दौलतरावांना केसपेपरच्या मागचं चित्र दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मी नाई येणार तेथं. मले रगत पाहवत नाई." कुंताबाईंनी याचा अर्थ होकार असा घेतला.

पिंकीचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. तपासण्या चांगल्या निघाल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मी डबा घेऊन गेले तर वॉर्डच्या दरवाजाशी दौलतराव उभे. हातात पिशवी, आत जायला पाय उचलत नव्हता.

"काय म्हणते डॉक्टर?" त्यांनी मलाच विचारलं.

"छान झालं म्हणतात. आत जा ना."

"जातो. जरा येळानं जातो." मग पिशवी माझ्या हाती दिली. आत पाच-सहा कोवळी वांगी होती. दवाखान्यात वांग्यांचं काय करतात ते त्यांनाही माहीत नसणार. पण रिकाम्या हातानं यायचं नाही, आणि घरात दुसरं होतं काय?

आम्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. खरं काम त्यानंतर होतं. नवं दार पुन्हा मिटून जाऊ नये म्हणून दिवसातून दोनदा त्यात गोल टोकाची स्टीलची कांडी, जेली लावून, हलकेच घालायची. दर आठवड्याला थोडी जाड कांडी. असं महिनोन् महिने, आणि तेही घरीच. डॉक्टर वेदश्रीनं वॉर्डात आचलला करून दाखवलं. आचलनं कांडी हातात घेतली आणि खाली ठेवली. "माझ्यानं नाही होत."

"दे इकडं," कुंताबाई म्हणाल्या. आणि कांडी अशी घातली की डॉक्टर वेदश्री बघत राहिली. घाई नाही, जोर नाही. बाळ श्वास सोडेपर्यंत थांबणं, मग जरासं पुढं. त्या वेळी मला ते कोंबडीचं पिल्लू आठवलं.

एक महिना सुरळीत गेला. मंगळवारी-शनिवारी त्या सकाळचं उरकून येत, म्हणून आमच्या कॉलनीला भाजी तासभर उशिरा मिळायची. मग एका शनिवारी आल्याच नाहीत. मंगळवारी आल्या, पण टोपली ओसरीवर ठेवून तशाच बसल्या. भाव सांगेनात, गिऱ्हाइकाकडं बघेनात.

"मी सोडून देल्तं, वहिनी," त्या म्हणाल्या. "आठ दिस."

पिंकी रडायची. आता ती चेहरे ओळखायला लागली होती. आजी हात धुऊन आली की तिला कळायचं आणि कांडी दिसायच्या आधीच ओठ काढायची. दौलतराव बाहेरून ओरडायचे, "किती रडवतं वो लेकराले? झालं ना आता, आहे ना दार?" शेजारच्या बायका विचारायच्या, काय करता हो पोरीला? एक दिवस कुंताबाईंना वाटलं, आज राहू दे. शी तर होऊन राह्यली. उद्याही तसंच वाटलं. आठ दिवसांनी पोट फुगलं, पोरगी किंचाळायला लागली. मोठ्या दवाखान्यात धावत गेले तर दार बारीक झालेलं. वेदश्री डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. आणखी आठ दिवस गेले असते तर पुन्हा कापावं लागलं असतं.

"आता सगळ्यात बारीक कांडीपासून पुन्हा सुरू. तेबी लागू पडलं तं ठीक, नाई पडलं तं ऑपरेशन." त्यांनी नखानं ओसरीची फरशी कोरली. "चंद्रीच्या येळी लोकाईचं ऐकलं. ह्या येळी कोनाचं नाई ऐकलं, वहिनी. माह्यंच मन. शी होऊन राह्यली ना, असं मीच म्हटलं. जे समदे म्हणत होते, तेच."

मी चहा टाकायला उठले. त्या मागून म्हणाल्या, "माह्या हाताचा आता मले भरोसा नाई."

त्या आठवड्यात मी अल्लीपूरला गेले. कारण काही नव्हतं, बघून यावं इतकंच. त्यांच्या घरातली मधली खोली. पिंकी चटईवर, शेजारी उकळून काढलेल्या कांड्या स्वच्छ फडक्यावर ओळीनं. कुंताबाई हात धुऊन बसलेल्या, पण कांडी उचलत नव्हत्या. पिंकीनं त्यांच्याकडं बघून ओठ काढले.

आचल उठली. केस वर बांधले, हात धुतले. "आई, तुम्ही पाय धरा. मी करते."

"तुले जमन?"

"तुमचं पाहून पाहूनच पाठ झालं. तुम्ही फक्त सांगा, कधी थांबायचं."

"श्वास सोडू दे... आता नाई... हं, आता."

पिंकी रडणार तेवढ्यात दाराबाहेर घण् घण् असा आवाज आला. दौलतराव उंबऱ्यावर पाठमोरे बसले होते आणि बैलाच्या गळ्यातली घाटी हलवत होते. पिंकीनं मान वळवली, तोंड उघडंच राहिलं.

"बुढा कामाले आला म्हणायचा," कुंताबाई म्हणाल्या.

"मी मागं पाहून नाई राह्यलो," दौलतराव बाहेरून म्हणाले. "लवकर आटपा."

पुढं रोजचा तोच परिपाठ झाला. आचलचा हात, कुंताबाईंचे शब्द, दौलतरावांची घाटी. एकदा ते शेतात अडकले तर आचलनं फोन करून बोलावलं होतं म्हणे. कांड्या जाड होत गेल्या. पुन्हा ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टर देवेंद्रांनी फेब्रुवारीत सांगितलं. कांडी रोजच्याऐवजी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा.

एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि कुंताबाईंचा फोन आला. त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की अच्युतनाही ऐकू गेलं असणार.

"वहिनी! झाली! सोताहून झाली! पिवळी, घट्ट, जागेवर! वरणभात खाल्ला होता सकायी!"

"कोणाचा फोन?" अच्युतनी घास हातात धरून विचारलं.

"तुम्ही जेवा," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. एका लेकराच्या शीचा असा सण मी याआधी कधी पाहिला नव्हता. कुंताबाईंनी शेजारी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर दौलतराव सांगत होते, "नातीचं पोट साफ झालं."

आता पिंकी वर्षाची झाली. भिंत धरून चालते. गाजर, पालक, पाणी, औषध हे सगळं आचल घड्याळ लावून देते. पुढं काय काय शिकवावं लागेल ते डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, आणि घरातल्या कोणालाही त्याची भीती वाटत नाही. गावातल्या आशा सेविका रीताताई आता नव्या बाळाच्या घरी जाताना कुंताबाईंना सोबत नेतात. कुंताबाई जवसाच्या तेलात करंगळी बुडवत नाहीत. वेदश्री डॉक्टरनं कानात तेल घालू नका म्हणून बजावलंय, आणि त्यांनी ते ऐकलं. मोजतात मात्र, डोळ्यांनी, उजेडात, दहाच्या दहा. कौशल्याबाईंचा शी पाहून धरून चालायचा नियम त्यांनी मोडला, आणि मोडताना सासूच्या फोटोला सांगितलंही म्हणे, "आत्याबाई, एवढं तुमचं चुकलं."

हे सगळं मी लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी शनिवारी ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवलं. नावं घालू का, असं आदल्या खेपेलाच विचारून ठेवलं होतं. आचलला विचारून आलेय, घाला, असं म्हणाल्या. चंद्रीच्या ठिकाणी त्यांनी डोळे पुसले. भजनाच्या ठिकाणी पुन्हा पदर तोंडाला लावला. वांग्यांच्या पिशवीचं वाचलं तेव्हा म्हणाल्या, "सहा होते. पाच-सहा काऊन लिवलं?" मग टोपली उचलायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"आखरीले माह्यं एक म्हणणं लिवजा, वहिनी."

"सांगा ना."

"दवाखान्यात लेकरू झालं, का घरच्या बाईच्या हाती देतान लंगोट सोडून एकडाव दाखवा. मंग बांधा."